बिटांची काटकसर आणि आवाजाबद्दलची गृहीतके

माणसाच्या आवाजाने हवेचा दाब सलग बदलत असतो. हा बदल आकड्यांत उतरवायचा तर दोन कामे करावी लागतात. पहिले काम म्हणजे ठरावीक अंतराने त्या दाबाचे नमुने घेणे, म्हणजेच सॅम्पलिंग. दुसरे काम म्हणजे प्रत्येक नमुन्याची किंमत आधी ठरवून ठेवलेल्या मोजक्या पातळ्यांपैकी सर्वांत जवळच्या पातळीवर नेऊन बसवणे, म्हणजेच क्वांटायझेशन. ही दोन्ही कामे एका दमात सांगितली जातात, पण त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. सॅम्पलिंगमध्ये काही हरवलेच पाहिजे असे नाही. संकेतातल्या सर्व वारंवारता ४००० हर्ट्झच्या खाली असतील, तर सेकंदाला घेतलेल्या ८००० नमुन्यांवरून मूळ तरंग जसाच्या तसा उभा करता येतो. हॅरी नायक्विस्ट यांचे १९२८चे काम, रशियात व्लादिमिर कोटेलनिकोव्ह यांचे १९३३चे आणि क्लॉड शॅनन यांचे १९४९चे काम याच सिद्धान्ताकडे येते. क्वांटायझेशनला ही सवलत नाही. दोन पातळ्यांच्या मधली किंमत एकदा गोल केली की ती मुळात किती होती, हे कोणत्याही गणिताने परत कळत नाही.

त्यामुळे या शास्त्रात चूक होणार हे पहिल्याच पायरीवर मान्य करावे लागते. ती कुठे होऊ द्यायची एवढेच आपल्या हातात उरते. ते ठरवताना बोलणाऱ्याबद्दल किंवा ऐकणाऱ्याबद्दल काहीतरी गृहीत धरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बिट जितके कमी, तितकी गृहीतके जास्त. आवाजाच्या कोडिंगचा गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांचा इतिहास या गृहीतकांच्या वाढीचा इतिहास म्हणून वाचला, तर त्यातले यश आणि त्यातला धोका, दोन्ही एकाच ठिकाणी सापडतात.

आवाजाचे आकडे करून पाठवण्याची कल्पना अ‍ॅलेक रीव्ह्ज या ब्रिटिश अभियंत्याला १९३७ साली पॅरिसमध्ये काम करताना सुचली आणि पुढच्याच वर्षी त्याने फ्रान्समध्ये पेटंटसाठी अर्ज केला. त्याच्यासमोरची अडचण साधी होती. लांब पल्ल्याच्या तारेवर आवाज क्षीण होतो, मध्ये ठिकठिकाणी तो वाढवावा लागतो आणि प्रत्येक वेळी आवाजाबरोबर खरखरही वाढते. आकडे पाठवले तर मधल्या ठाण्याला फक्त एवढेच ओळखायचे असते की विजेचा ठोका आला की नाही आला. ओळखले की तो नव्याने, कोरा करकरीत पुढे पाठवता येतो. वाटेतली सगळी खरखर टाळण्यासाठी दारातच एक लहान, मोजूनमापून ठरवलेली चूक पत्करायची, असा हा सौदा होता. पल्स कोड मॉड्युलेशन, म्हणजे पीसीएम, ते हेच. व्हॉल्व्हच्या जमान्यात ते परवडणारे नव्हते. ट्रान्झिस्टर आल्यावर १९६२ साली बेल कंपनीची टी-वन यंत्रणा सुरू झाली आणि तारांच्या दोन जोड्यांवर २४ संभाषणे आकड्यांच्या रूपात धावू लागली.

त्या चुकीचा हिशेब चोख करता येतो. पातळ्यांमधले अंतर डेल्टा मानले आणि चूक त्या अंतरात सगळीकडे सारख्याच शक्यतेने पडते असे धरले, तर चुकीची सरासरी शक्ती डेल्टाच्या वर्गाच्या बाराव्या हिश्श्याइतकी येते. एक बिट वाढवला की पातळ्या दुप्पट होतात, अंतर निम्मे होते आणि आवाज व खरखर यांच्यातली तफावत सुमारे ६ डेसिबलने सुधारते. ८ बिट, १२ बिट, सीडीचे १६ बिट ही सगळी गणिते या एका सूत्रावर उभी आहेत. ‘सगळीकडे सारख्याच शक्यतेने’ हे शब्द मात्र सहज वाचून पुढे जाण्यासारखे नाहीत. संकेत मोठा आणि गुंतागुंतीचा असतो तेव्हा ते बऱ्यापैकी खरे ठरतात. संकेत अगदी हळू असेल तर चूक त्याच्याच चालीने चालू लागते आणि कानाला ती खरखर न वाटता आवाजाचा विपर्यास वाटते. त्यावरचा उपाय चमत्कारिक आहे: क्वांटायझेशनच्या आधी संकेतात थोडी यादृच्छिक खरखर मुद्दाम मिसळायची. या मिसळलेल्या खरखरीला डिदर म्हणतात. तिने एकूण खरखर किंचित वाढते, पण चुकीचा संकेताशी असलेला संबंध तुटतो. कानाला सूर न बिघडवणारी सलग खरखर चालते, सुराबरोबर बदलणारी चालत नाही. ऐकणाऱ्याच्या कानाचा विचार गणितात शिरतो तो इथून.

पुढचे गृहीतक बोलण्याच्या घडणीबद्दलचे होते. बोलताना मोठ्या किमतीचे नमुने थोडे आणि शून्याच्या आसपासचे फार असतात. शिवाय कोणी फोनवर ओरडतो, कोणी कुजबुजतो. सगळीकडे सारख्याच अंतराच्या पातळ्या ठेवल्या तर ओरडणाऱ्याला गरजेपेक्षा जास्त बारकावा मिळतो आणि कुजबुजणाऱ्याचा आवाज खरखरीत बुडतो. सोनार गुंजेच्या हिशेबात तोलतो आणि धान्याच्या वखारीत पोत्यामागे किलोभर इकडेतिकडे झाले तरी चालते. तेच तत्त्व इथे लावले गेले. लहान किमतींना बारीक पाऊल, मोठ्या किमतींना लांब पाऊल. १९७२ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.७११ या मानकात याच्या दोन रीती पक्क्या झाल्या. उत्तर अमेरिका आणि जपान यांनी म्यू-लॉ घेतला, युरोपने आणि भारतानेही ए-लॉ घेतला.

ए-लॉचा एक ८ बिटांचा शब्द उलगडून पाहण्यासारखा आहे. पहिला बिट धन की ऋण ते सांगतो. पुढचे तीन बिट आठ पट्ट्यांपैकी कोणती पट्टी ते सांगतात. उरलेले चार बिट त्या पट्टीतल्या सोळा पायऱ्यांपैकी एक निवडतात. पहिल्या दोन पट्ट्यांत पायरीची उंची सारखी असते, त्यापुढे प्रत्येक पट्टीत ती दुप्पट होते, म्हणजे शेवटच्या पट्टीतली पायरी पहिलीच्या ६४ पट उंच. एवढ्या साध्या रचनेमुळे ८ बिटांत हळू आवाजापुरता १३ बिटांचा बारकावा मिळतो. सेकंदाला ८००० नमुने आणि प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ किलोबिट. डिजिटल एक्स्चेंजच्या काळातले प्रत्येक संभाषण या मापाच्या वाटेने गेले, आणि ३० संभाषणांची एक वाट २०४८ किलोबिटांची झाली.

संकेताची घडण माहीत असेल तर पातळ्या नेमक्या कुठे ठेवाव्यात, याचे सर्वसाधारण उत्तर बेल लॅब्जच्या स्टुअर्ट लॉइड यांनी १९५७ साली काढले. प्रत्येक पातळी तिच्या वाट्याला येणाऱ्या किमतींच्या सरासरीवर असावी आणि दोन पातळ्यांमधली सीमा बरोबर मधोमध असावी. या दोन अटी आलटूनपालटून लावत गेले की मांडणी सुधारत जाते. लॉइड यांचे टिपण १९८२पर्यंत छापले गेले नाही. मधल्या काळात, १९६० साली, जोएल मॅक्स यांनी तेच स्वतंत्रपणे शोधले, म्हणून या रीतीला दोघांचीही नावे आहेत. रीत बिनचूक आहे, पण ज्या बोलण्यावरून घडण मोजली त्या बोलण्यापुरतीच. दुसऱ्या घडणीचा संकेत आला की त्याच पातळ्या गैरसोयीच्या ठरतात.

पीसीएमला तरीही प्रामाणिक म्हणायला हवे. त्याला बोलणे म्हणजे काय हे ठाऊक नसते. ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात जे येईल ते पीसीएम वाहून नेते, मग ते संभाषण असो, फॅक्सचा चीत्कार असो की तंबोरा. त्या पट्ट्याच्या मर्यादेची किंमत मात्र मराठी बोलणाऱ्याच्या रोजच्या अनुभवात आहे. ‘स’चा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो, ‘श’चा थोडा खाली. वरचा भाग कापला की दोघे एकमेकांच्या जवळ येतात. चमच्यातला ‘च’ आणि चारातला ‘च’ यांचेही तेच होते, कारण पहिल्यात ‘स’कडे झुकणारे घर्षण असते. नाव किंवा आडनाव फोनवर सांगताना ‘साताऱ्यातला स’ अशी पुस्ती जोडावी लागते ती याच कारणाने. २०१६नंतर भारतात सर्रास झालेल्या व्होल्टी कॉलमध्ये ही मर्यादा ७००० हर्ट्झपर्यंत गेली आणि ‘स’ मोकळा झाला. कॉल जुन्या जाळ्यावर उतरला की तो पुन्हा अडकतो.

६४ किलोबिटांच्या खाली उतरायचे तर शेजारशेजारच्या नमुन्यांमधले साम्य वापरावे लागते. मागच्या नमुन्यांवरून पुढचा किती असेल याचा अंदाज बांधायचा आणि अंदाज किती चुकला तेवढेच पाठवायचे. बेल लॅब्जच्या चॅपिन कटलर यांनी याचे पेटंट १९५०च्या सुमारास मागितले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून गेलेले निकिल जयंत आणि त्यांचे सहकारी यांनी १९७३ साली पावलाची लांबी संकेताबरोबर आपोआप बदलण्याची रीत मांडली. त्यातून आलेल्या एडीपीसीएमने ३२ किलोबिटांत जवळजवळ तेवढाच चांगला आवाज दिला. पण त्या वाटेवरून जलद मोडेमचा संकेत नीट जाईना. मोडेमचा संकेत बोलण्यासारखा नसल्यामुळे अंदाज फसत, आणि त्याच्यासाठी ४० किलोबिटांची वेगळी सोय मानकात करावी लागली. गृहीतकाबाहेरच्या पाहुण्याला वाट बंद झाल्याचे हे सुरुवातीचे ठळक उदाहरण.

तरंगाचा पाठलाग सोडून थेट आवाज कसा तयार होतो याचेच वर्णन पाठवण्याचा मार्ग त्याच्याही आधीचा आहे. बेल लॅब्जच्या होमर डडली यांनी १९३०च्या दशकात व्होकोडर तयार केला. स्वरतंतूंचा स्रोत आणि घसा, तोंड, नाक यांची पोकळी, एवढे दोन भाग धरले तर बोलण्याचे वर्णन हळूहळू बदलणाऱ्या थोड्या आकड्यांत मावते. दुसऱ्या महायुद्धात याच कल्पनेवर सिग्सॅली ही गुप्त संभाषणाची यंत्रणा उभी राहिली आणि १९४३ साली वॉशिंग्टन व लंडन यांच्यात सुरू झाली. सुमारे ५० टनांच्या त्या यंत्रात बोलण्याचे १२ आकडे होत. दर २० मिलिसेकंदांनी प्रत्येक आकडा ६ पातळ्यांवर आणला जाई आणि ग्रामोफोनच्या तबकडीवर नोंदवलेला यादृच्छिक आकडा त्यात मिळवला जाई. त्या तबकडीची दुसरी प्रत फक्त पलीकडच्या टोकाला असे. सलग तरंगावर अशी अभेद्य गुप्तता चढवता येत नव्हती, आधी तो आकड्यांत आणणे भागच होते. सेकंदाला सुमारे दीड हजार बिटांत, युद्धाच्या धामधुमीत, राज्यकर्ते आणि सेनानी अटलांटिकच्या आरपार बोलत होते, आणि पीसीएमची व्यापारी यंत्रणा यायला अजून १९ वर्षे अवकाश होता.

व्होकोडरचे गणित १९६०च्या दशकात पक्के झाले. जपानमध्ये फुमितादा इताकुरा व शुझो साइतो यांनी आणि बेल लॅब्जमध्ये बिष्णू अटल व मानफ्रेड श्रोडर यांनी ते जवळजवळ एकाच वेळी केले. कानपूरला जन्मलेले अटल १९६१ साली बेल लॅब्जमध्ये गेले होते. त्यांच्या रेषीय अंदाजाच्या रीतीत, म्हणजे एलपीसीमध्ये, पोकळीचे वर्णन दहाएक गुणकांत मावते. अमेरिकी सरकारच्या एलपीसी-१० या मानकात २२.५ मिलिसेकंदांचा एक तुकडा ५४ बिटांत जाई: पोकळीसाठी ४१, जोरासाठी ५, एक बिट ताळमेळाचा, आणि स्वराची उंची व घोष-अघोषाचा निर्णय यांना मिळून ७. सेकंदाला २४०० बिट.

त्या सात बिटांतल्या निर्णयापाशी थांबले पाहिजे. तुकडा घोष ठरला तर पलीकडे ठोक्यांची माळ वाजते, अघोष ठरला तर नुसती खरखर. तिसरी शक्यताच नाही. मराठीतले घ, झ, ढ, ध, भ हे ध्वनी नेमके त्या तिसऱ्या जागेत असतात: स्वरतंतू कंप पावतात आणि त्याच वेळी त्यांच्या फटीतून श्वासही सुटतो. ‘म्हणून’मधला म्ह, ‘न्हावी’मधला न्ह, ‘व्हावे’मधला व्ह हेही त्याच कुळातले. ज्या साच्यात एका तुकड्यासाठी दोनच खण आहेत, तिथे ‘घार’ला ‘गार’ व्हावे लागण्याची पाळी येते. १९९०च्या दशकातल्या मेल्प या वारसदाराने वारंवारतेच्या निरनिराळ्या पट्ट्यांत ठोके आणि खरखर यांचे मिश्रण करण्याची मुभा दिली आणि तेवढ्याच २४०० बिटांत बोलणे बरेच माणसाळले. म्हणजे अपुरेपणा बिटांचा कमी आणि साच्याचा जास्त होता.

एकेक आकडा सुटा गोल करण्याऐवजी आकड्यांचा पुंजकाच एका फटक्यात कोडबुकमधल्या, म्हणजे अशा पुंजक्यांच्या आधी करून ठेवलेल्या यादीतल्या, जवळच्या नोंदीवर नेऊन बसवणे, हे सदिश क्वांटायझेशन. त्याचे कोडबुक नमुन्यांवरून शिकवण्याची रीत १९८० साली लिंडे, बुझो आणि ग्रे यांनी दिली. मुळात ती लॉइड यांचीच रीत, अनेक मितींमध्ये नेलेली. आकडे एकमेकांशी बांधलेले असतात तिथे यात मोठी बचत होते, पण कोडबुक भयानक वेगाने फुगते. पोकळीच्या दहा आकड्यांना २४ बिट द्यायचे तर १ कोटी ६७ लाखांहून अधिक नोंदी लागतात, आणि दर २० मिलिसेकंदांनी त्या सगळ्या चाळणे अशक्य. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अनेक वर्षे काम केलेले कुलदीप पालीवाल आणि अटल यांनी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवले, की दहा आकड्यांचे चार आणि सहा असे दोन भाग करून प्रत्येकाला १२ बिट दिले तर काम ४०९६ नोंदींच्या दोन कोडबुकांवर भागते. सुट्या रीतीला त्याच कामासाठी ३२-३४ बिट लागत होते.

त्या निबंधाचे दुसरे योगदान मापदंडाचे आहे. वर्णपटातली सरासरी चूक १ डेसिबलच्या आसपास, २ ते ४ डेसिबल चुकलेले तुकडे दोन टक्क्यांहून कमी आणि ४ डेसिबलच्या वर चुकलेला एकही नाही, तर कानाला फरक कळत नाही असे धरायला हरकत नाही. पुढे हाच मापदंड सर्वत्र रूढ झाला. त्यातली दुसरी आणि तिसरी अट पहिलीइतकीच मोलाची आहे. सरासरी चांगली असूनही क्वचित येणारा फार वाईट तुकडा एखादे व्यंजन गिळू शकतो, आणि अर्थ त्या व्यंजनावरच अवलंबून असू शकतो. सरासरीवर समाधान न मानण्याचा हा विवेक नंतरच्या अनेक चाचण्यांत दिसत नाही.

तरंगाचा पाठलाग आणि उत्पत्तीचे वर्णन या दोन वाटा १९८५ साली सेल्प या पद्धतीत एकत्र आल्या. पुन्हा अटल आणि श्रोडर. पोकळीचा साचा ठेवायचा, पण त्यात फुंकायचा स्रोत घोष-अघोषाच्या दोन खणांतून न घेता १०२४ नोंदींच्या कोडबुकातून निवडायचा. निवडताना प्रत्येक नोंद साच्यातून वाजवून पाहायची आणि मूळ आवाजाशी सर्वांत जुळेल ती घ्यायची. जुळणी मोजतानाही कानाचा कल पाहायचा: वर्णपटात जिथे आवाजाची शिखरे आहेत तिथे थोडी जास्त चूक चालते, कारण शिखर तिला झाकते, आणि दऱ्यांत ती कमी ठेवावी लागते. त्या वेळी एका सेकंदाच्या बोलण्याला क्रे-१ या महासंगणकाला शंभराहून अधिक सेकंद लागत. काही वर्षांतच हे गणित तळहातावरच्या फोनमध्ये आले, आणि जी.७२९, एएमआर अशी पुढची बरीच मानके याच कल्पनेच्या शाखा आहेत.

भारतात ३१ जुलै १९९५ला पहिला मोबाइल कॉल झाला तो जीएसएम जाळ्यावर. जीएसएमचे मूळ कोडेक, म्हणजे आवाजाचे आकडे करून परत आवाज उभा करणारी पद्धत, सेल्पचे चुलतभावंड होते आणि त्याचा २० मिलिसेकंदांचा तुकडा २६० बिटांचा. ३६ बिट पोकळीच्या आठ गुणकांना, त्यातही पहिल्या दोघांना सहा-सहा आणि शेवटच्या दोघांना तीन-तीनच. ३६ बिट स्वराच्या आवर्तनाला. उरलेले १८८ बिट स्रोताच्या ठोक्यांना. हवेत सोडताना पुन्हा प्रतवारी होते. सर्वांत महत्त्वाच्या ५० बिटांना तपासणीची जोड आणि चूक सुधारण्याचे संरक्षण, पुढच्या १३२ बिटांना फक्त संरक्षण, आणि ७८ बिट तसेच उघडे. सगळे मिळून ४५६ बिट रेडिओवर जातात. महत्त्वाचे बिट वाटेत मोडल्याचे तपासणीत कळले तर तुकडा टाकून देतात आणि मागचाच तुकडा पुन्हा वाजवतात. पुढचेही आले नाहीत तर आवाज हळूहळू बारीक करत ३२० मिलिसेकंदांत शांत करतात. बोलणारा गप्प असतो तेव्हा फोन बहुतेक काळ काही पाठवतच नाही. पूर्ण शांतता आली की कॉल तुटला असे वाटते, म्हणून पलीकडचा फोन स्वतःच मंद खरखर तयार करून ऐकवतो. म्हणजे मोबाइलवर ऐकू येणाऱ्या आवाजातला काही भाग बोलणाऱ्याकडून आलेलाच नसतो.

कॉलर ट्यूनमधला तंबोरा चिरकतो, त्याचे कारणही साच्यातच आहे. एक घसा, एक स्वर एवढेच त्या साच्याला माहीत. चार तारांची एकमेकांत मिसळणारी आवर्तने त्यात मावत नाहीत. इथवरच्या चुका निदान लपत नाहीत. पीसीएममध्ये चूक खरखरते, सेल्पमध्ये चिरकते किंवा बरळते. ऐकणाऱ्याला काहीतरी बिघडल्याचे कळते आणि तो ‘परत सांगा’ म्हणतो. फोनवरच्या संवादाची खरी चूक-सुधारणा या दोन शब्दांवर चालते.

न्यूरल कोडेकने नेमका हाच आधार हलवला आहे. गूगलचे साउंडस्ट्रीम २०२१ साली आणि मेटाचे एन्कोडेक २०२२ साली आले. त्यांत पोकळी, स्रोत असे काही माणसाने ठरवलेले नसते. हजारो तासांच्या ध्वनिमुद्रणांवरून यंत्र स्वतःच वर्णन शिकते आणि ते वर्णन एकावर एक रचलेल्या कोडबुकांतून क्वांटाइझ होते: पहिले कोडबुक ढोबळ आकार देते, दुसरे उरलेली चूक, तिसरे त्यातूनही उरलेली. एन्कोडेकच्या २४ किलोहर्ट्झच्या रूपात सेकंदाला ७५ तुकडे आणि प्रत्येक कोडबुकाच्या १०२४ नोंदी, म्हणजे एका कोडबुकामागे सेकंदाला ७५० बिट. आठ कोडबुके घेतली तर ६ किलोबिट. इतक्या कमी बिटांत इतका स्वच्छ आवाज पूर्वी कधीच मिळाला नव्हता, आणि ही कामगिरी निर्विवाद मोठी आहे. पण बिट फार कमी केले की परत उभा राहणारा आवाज वाटेत आलेल्या माहितीपेक्षा शिकलेल्या सवयीवर जास्त विसंबतो. तेव्हा चूक चिरकत नाही. ती स्वच्छ, नैसर्गिक, पण वेगळ्या ध्वनीच्या रूपात येऊ शकते, आणि ऐकणाऱ्याला ‘परत सांगा’ म्हणायचे कारणच उरत नाही.

कागदावर असे घडलेले आहे. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले, की झेरॉक्सच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या कागदांत आकडे बदलत होते. ६चा ८ होत होता, इमारतीच्या नकाशात एका खोलीचे क्षेत्रफळ दुसऱ्या खोलीला चिकटत होते. जागा वाचवण्यासाठी त्यातली जेबिग-२ पद्धत सारखी दिसणारी अक्षरे एकाच नोंदीने दाखवत होती. म्हणजे हेही कोडबुकच. अक्षर कुठेही फाटलेले, पुसट झालेले नव्हते, म्हणून कोणाला संशय आला नाही. कंपनीला त्यासाठी सॉफ्टवेअर दुरुस्त करून द्यावे लागले.

हा धोका आवाजाच्या क्षेत्रातल्या जाणत्यांच्याही लक्षात आहे. गूगलने २०२० साली ड्युओ कॉलमध्ये हरवलेला आवाज भरून काढणारी न्यूरल रीत आणली, तेव्हा ती १२० मिलिसेकंदांनंतर शांत होईल असे मुद्दाम ठरवले, कारण त्याहून लांब भरले तर न बोललेली अक्षरे तयार होण्याची भीती होती. अशी मर्यादा आखण्याचा शहाणपणा प्रत्येक कोडेकच्या मानकात लेखी असायला हवा. ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून येते तिथे तर हे फारच निकडीचे आहे. भारतीय साक्ष अधिनियम १ जुलै २०२४पासून लागू झाला आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रमाणपत्रात हॅश किंमत देण्याची सोय त्यात आहे. हॅश जुळला म्हणजे नोंद झाल्यानंतर फाइल बदललेली नाही एवढे सिद्ध होते. नोंद होण्याआधी आवाज कोणत्या कोडेकमधून, किती बिटांवर गेला, हरवलेले तुकडे कशाने भरले, याबद्दल हॅश काहीच सांगत नाही. कोडेकचे नाव, बिटदर आणि भरून काढलेल्या तुकड्यांची खूण नोंदीसोबतच जपली जायला हवी.

राहता राहिला चाचणीचा प्रश्न, आणि मराठीचा खरा संबंध तिथे आहे. कोडेकची प्रत बहुतेक वेळा ऐकणाऱ्यांच्या १ ते ५ या गुणांच्या सरासरीने मोजतात. हे गुण आवाज कानाला कितपत बरा वाटला ते सांगतात. न्यूरल कोडेक याच परीक्षेत उत्तम उतरते, आणि त्याची चूक याच परीक्षेत दिसत नाही. कमी बिटांच्या लष्करी कोडेकसाठी दुसरी, जास्त कठोर चाचणी वापरली जात आली: विल्यम व्हॉयर्स यांची डायग्नोस्टिक ऱ्हाइम टेस्ट. तिच्यात इंग्रजी शब्दांच्या ९६ जोड्या असतात, प्रत्येक जोडीत फक्त पहिले व्यंजन वेगळे, आणि ऐकणाऱ्याने कोणता शब्द बोलला गेला ते सांगायचे असते. व्यंजनांमधले फरक सहा गुणांत वाटलेले आहेत: घोष, अनुनासिकता, घर्षण अशा जातीचे. त्या सहांत महाप्राण नाही, कारण इंग्रजीत त्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. मूर्धन्य आणि दंत्य हा भेदही नाही. या चाचणीत पूर्ण गुण मिळवणारे कोडेक कार आणि खार, गार आणि घार, ताक आणि टाक, दार आणि धार या जोड्या जपेल की नाही, याचा निकाल त्या गुणांतून लागत नाही.

नुसते शब्द बदलूनही भागणार नाही. ती चाचणी पहिल्या व्यंजनावर उभी आहे आणि मराठीत ळ किंवा ण यांनी शब्द सुरू होत नाही. काल आणि काळ, मन आणि मण, बाल आणि बाळ, अशा जोड्यांत भेद शेवटच्या व्यंजनात असतो, आणि तो बराचसा आधीच्या स्वराच्या शेवटच्या काही मिलिसेकंदांत, वर्णपटाच्या वरच्या शिखरांच्या वळणात असतो. कोडेकचा तुकडा २० मिलिसेकंदांचा असेल तर ते वळण एका-दोन तुकड्यांत उरकते. मराठीसाठी चाचणी बांधायची तर तिच्यात महाप्राणाच्या जोड्या हव्यात, म्ह-न्ह-व्हसारखे ध्वनी हवेत, दोन्ही ‘च’ आणि दोन्ही ‘ज’ हवेत, आणि ळ व ण यांच्यासाठी शब्दाच्या मध्ये व शेवटी भेद असलेल्या जोड्या वेगळ्या हव्यात. बोलणारे एकाच शहरातले असून चालणार नाही: कोकण, खानदेश, मराठवाडा, विदर्भ इथल्या उच्चारांत हेच ध्वनी वेगवेगळे असतात. निकाल सरासरीत न देता ध्वनिवार द्यायला हवा, म्हणजे पालीवाल आणि अटल यांनी वर्णपटाला लावलेली दुसरी आणि तिसरी अट इथे ध्वनींना लावता येईल. अशी जोड्यांची यादी बांधायला ध्वनिशास्त्र जाणणारी दोन-चार माणसे आणि चार प्रांतांतले बोलणारे पुरेत. ती एकदा झाली की प्रत्येक नवे कोडेक, शिकवताना मराठी वापरलेले असो वा नसो, त्याच यादीवरून तपासता येईल.